अंगणातला द्राक्षाचा वेल वाळलाय? उपटायच्या आधी एवढं तपासून बघा

होळी झाली की मला फोन सुरू होतात. "ताई, आमचा द्राक्षाचा वेल गेला वाटतं, एकदा येऊन बघता का?" माझं माहेर निफाड तालुक्यातलं, वडिलांची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग होती, छाटणी-विरळणी बघतच मोठी झाले आणि लग्न होऊन नाशिकच्या इंदिरानगरला आले तेव्हापासून ओळखीतल्यांचे, ओळखीच्यांच्या ओळखीतले असे बरेच वेल बघून झालेत. कुणाचा बंगला वर्षभर बंद होता, कुणाचे आईवडील मुलाकडे पुण्याला राहायला गेले, कुणी जुनं रो-हाऊस घेतलं आणि त्यात आधीच्या मालकाने लावलेला वेल फुकट मिळाला. कारणं वेगळी असतात पण वेलाचं दुखणं बहुतेक वेळा तेच ते असतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते. वेल मेला म्हणून मला बोलावतात त्यातले बहुतेक वेल जिवंत असतात. आणि जे खरंच गेले त्यातले बरेच दुर्लक्षाने गेले नाहीत, दुर्लक्ष लक्षात आल्यावर घाबरून जे काही केलं त्याने गेले. मूठभर युरिया, रोज दोन बादल्या पाणी, दुकानदाराने दिलं ते औषध, सगळं एकाच आठवड्यात. म्हणून हे वाचून होईपर्यंत खताच्या पिशवीला हात लावू नका, प्लीज.

काय काय दिसतं

लोक जे सांगतात ते साधारण असं असतं, तुमचं यातलं कोणतं ते बघा, एकापेक्षा जास्त असू शकतं:

- पानं राठ, पिवळट, कडेने करपलेली, गळायला लागलेली
- वेल पार्किंगच्या शेडवर नुसता माजलाय, खाली सगळ्या उघड्या काड्या, हिरवं फक्त टोकाला, आणि घड नाहीतच
- माती ओली असूनही पानं माना टाकतात आणि संध्याकाळीही वर येत नाहीत
- वरची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या
- पानावर पांढरी पावडर, नाहीतर वरून तेलाचा थेंब पडल्यासारखे डाग
- छाटल्यावर डोळे (काडीवरचे कोंब फुटायचे फुगवटे) फुगले पण फुटलेच नाहीत, टोकरल्यासारखे झाले
- घड दिसत होते पण आठ दिवसांत त्यांची बाळी झाली, म्हणजे घड जिरून नुसता तणावा राहिला
- खोडाला भोक, खाली लाकडाचा भुसा

आता तपासणी. सोप्यापासून, बिनखर्ची गोष्टींपासून सुरुवात करायची आणि एकेक नाकारत पुढे जायचं, कारण पहिल्या चार गोष्टींतच दहातल्या सात वेलांचं उत्तर मिळतं असा माझा अनुभव आहे. उगाच औषधाच्या दुकानात जाऊन उभं राहू नका.

पहिलं म्हणजे कॅलेंडर बघा

हसण्यासारखं वाटेल पण महिना कुठला चालू आहे हे सगळ्यात आधी. थंड देशात कडक हिवाळा पडतो, वेल आपोआप पानं टाकतो, झोपतो आणि वसंतात उठतो. आपल्याकडे तसा हिवाळा नाही त्यामुळे वेलाला झोपवायचं आणि उठवायचं काम कात्रीने करावं लागतं, वर्षातून दोनदा. एप्रिलच्या आसपास नवीन काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास घडांसाठी गोडी छाटणी. बागांमध्ये काही लोक थोडं आधी काही थोडं नंतर करतात पण घरच्या वेलासाठी हे दोन महिने लक्षात ठेवले तरी पुरे.

म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या वेलाची पानं राठ झाली, पिवळी पडली, कडा वाळल्या तर तो आजार असेलच असं नाही, पानं म्हातारी झालीत एवढंच. ऑक्टोबरमध्ये आलेलं पान मार्चपर्यंत आपलं काम करून मोकळं होतं. आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा नाशिकमध्येही वेल जागच्या जागी थांबतो, नवीन फूट पुढे सरकत नाही, तेव्हा खत घालून काहीही उपयोग नाही, मुळं घेतच नाहीत.

दुसरं, नखाने खरवडून बघा

पेन्सिलीएवढी जाड काडी धरा आणि टोकाकडून खाली यायला लागा, दर फूटभर अंतरावर अंगठ्याच्या नखाने वरची साल अगदी कणभर खरवडा. खाली काकडीच्या सालीसारखा ओला हिरवा रंग दिसला की तिथून खाली काडी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं, नखाला भुगा लागतोय तर तेवढा भाग गेला. जिथे हिरवं सुरू होतं तिथे दोरा बांधून ठेवा, पुढे छाटताना लागतो, नाहीतर शिडीवर चढल्यावर काही आठवत नाही.

जुन्या खोडाची साल सुटून पट्ट्या लोंबत असतात ते बघून घाबरू नका, द्राक्षाच्या खोडाची साल तशीच निघते. खोडावर बघायचं तर ती सुटी साल बाजूला करून चाकूने थोडंसं खरवडायचं.

मखमलाबाद रोडला एका काकांनी वेल तोडायला माणूस बोलावला होता, कुऱ्हाड घेऊन तो माणूस गेटात उभा आणि मी खोडाला नख लावलं तर हिरवंगार. वरच्या सगळ्या काड्या मात्र कडकन मोडत होत्या. तो वेल आज त्यांच्या झोपाळ्यावर सावली करतोय.

याच वेळी आणखी एक बघून घ्या, जोड कुठे आहे ते. हल्लीचे वेल बहुतेक डॉगरिजसारख्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळं-बुंध्यावर, कलम केलेले असतात, जमिनीपासून थोडं वर खोडाला गाठ किंवा जाडीतला फरक दिसतो तो जोड. दुर्लक्ष झालेल्या वेलात काय होतं की वरचं कलम वाळतं आणि जोडाच्या खालून खुंटाचे फुटवे जोरात वर येतात, माणसाला वाटतं वेल जगला, तीन तीन वर्षं पाणी घालतात आणि घड येत नाही. तो थॉमसन नाहीच, तो नुसता खुंट आहे. जोडाच्या खालचा फुटवा, कितीही तजेलदार असला तरी, काढायचा. वरचं सगळं गेलंय आणि खालचंच जिवंत आहे अशी वेळ आली तर त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

मी स्वतः एकदा नर्सरीतून सोनाका जातीचा म्हणून आणलेला वेल दोन वर्षं वाढवला आणि शेवटी तो खुंटच निघाला, कलम बसलंच नव्हतं. त्या दिवसापासून आधी जोड बघते.

तिसरं पाणी. इथे सगळ्यात जास्त वेल जातात

आपल्या गावाकडे वाफसा हा शब्द आहे तो इथे फार कामाचा. माती ओली पण चिखल नाही, भुसभुशीत पण कोरडी नाही, मुळाला पाणीही मिळतंय आणि हवाही मिळतेय, तो वाफसा. खोडापासून फूटभर लांब चार-पाच बोटं खोल उकरा, मूठभर माती घेऊन दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, आज पाणी नको. लाडू फुटतच नाही, चिकटतो, हाताला वास येतो तर जमीन चिबडलेली आहे. लाडू वळतच नाही तर कोरडी.

का बघायचं तर पाणी कमी पडलं तरी वेल मान टाकतो आणि पाणी जास्त झालं तरी मानच टाकतो. दोन्ही वरून एकसारखं दिसतं. चिबडलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, सडतात, मग शेजारी पाणी असूनही ओढता येत नाही, आपल्याला वाटतं तहान लागली, आपण अजून पाणी घालतो. गंगापूर रोडच्या एका काकू दोन महिने रोज हेच करत होत्या, फार जीव लावून करत होत्या. मी त्यांना फक्त एवढं सांगितलं की बारा दिवस नळी बंद ठेवा आणि खोडाभोवतीची माती खुरप्याने हलवून द्या, बस. तेराव्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला, जोडाच्या वर दोन लालसर कोंब होते. मला फोटो बघून रडू आलं, खरंच सांगते, कारण तो वेल त्यांच्या मिस्टरांनी लावलेला होता.

दुपारी दोन वाजता एप्रिल-मेच्या उन्हात पानं थोडी मलूल दिसणार, तो निकष नाही. सकाळी सातला बघा. सकाळीही मलूल असेल तरच काळजी.

शहरातल्या वेलांना दोन त्रास जास्त असतात. एक पेव्हर ब्लॉक. अंगण स्वच्छ दिसावं म्हणून खोडाला चिकटून ब्लॉक बसवतात, मग पाणी आतही जात नाही आणि गेलेलं बाहेरही येत नाही. खोडाभोवती निदान दोन-अडीच फुटाचं आळं मोकळं करा, सहा-आठ ब्लॉक उचलायला कुणी पैसे घेत नाही. दुसरं, वॉशिंग मशीनचं पाणी. साबणाचं पाणी वेलाला सोडलेलं असतं, वाया कशाला घालवायचं म्हणून. त्यातला क्षार साठत जातो, मातीवर पांढरट थर येतो आणि पानाच्या कडा भाजल्यासारख्या होतात. तो पाइप आजच दुसरीकडे वळवा.

गच्चीवर कुंडीत वेल असेल तर खालचं भोक तपासा. सळई घालून बघा, मुळांनीच बुजलेलं असतं. आणि १२ इंची कुंडीत वेल तीन वर्षं ठेवून घडांची अपेक्षा करू नका, किमान १८-२० इंची कुंडी नाहीतर अर्धा ड्रम लागतो. उन्हाळ्यात कुंडीची भिंत तापून मुळं भाजतात, बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं तरी खूप फरक पडतो.

चौथं, ऊन

हिरवागार आहे पण घड नाही अशी तक्रार असेल तर इथे थांबून नीट वाचा.

ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड बाहेर दिसतो तो तेव्हा तयार होत नसतो. एप्रिल छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात नवीन काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो, आपल्याला दिसत नाही पण तिथे असतो, आणि त्या काळात त्या काडीवर, त्या डोळ्यावर भरपूर ऊन पडावं लागतं. म्हणजे मे-जूनमध्ये जर वेल अंधारात असेल तर ऑक्टोबरमध्ये कितीही चांगली छाटणी करा, काडी वांझ निघते. बागेतली माणसं एप्रिल छाटणीला पाया म्हणतात ते उगाच नाही.

सिडकोतल्या एका घरी तीन वर्षं घड येत नव्हते. झाड निरोगी, पाणी बरोबर, छाटणी बरोबर, मला काही सापडेना. चौथ्या वर्षी मी योगायोगाने मे महिन्यात गेले तर वेलावर हिरवी शेडनेट. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून ते दरवर्षी एक मेला नेट बांधायचे आणि पाऊस लागला की काढायचे, आणि मी दरवेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जायचे म्हणून मला ती कधी दिसलीच नव्हती. नेट काढली, पुढच्या मार्चला त्यांनी घरच्या द्राक्षांचा वाटा डब्यात घालून आणून दिला.

तर दिवसातून सहा-सात तास थेट ऊन मिळतंय का बघा. शेजारचा आंबा, नवीन झालेली बिल्डिंग, सोलरच्या टाकीची सावली, सगळं मोजा. आणि बाहेरून ऊन असलं तरी वेल स्वतःच स्वतःवर गर्दी करतो. खाली उभं राहून वर बघा, पानांतून आकाशाचे ठिपके दिसले पाहिजेत. खाली गच्च काळोख असेल तर काड्या जास्त झाल्या.

घड दिसून नंतर बाळी होणं म्हणजे घड जिरणं, त्यालाही अन्नसाठा कमी पडणं, ढगाळ हवा, मुळं चालत नसणं हीच कारणं असतात. तेव्हा वरून फवारून काही परत येत नाही, त्या वर्षीचा विषय सोडून पुढच्या एप्रिलची तयारी करा.

पाचवं, पान उलटं करून बघा

पानावर पांढरी पावडर, बोटाने पुसली तर निघते, खाली मळकट डाग, म्हणजे भुरी. कोरड्या पण ढगाळ हवेत वाढते, सावलीतल्या पानांवर आधी. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर. पण ३५ अंशाच्या वर पारा असेल त्या दिवशी गंधक मारू नका, पानं भाजतात, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी अजिबात नाही.

पानाच्या वरून तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्या खालच्या बाजूला पांढरी लव, म्हणजे डाऊनी. हा पावसाळी, दमट हवेतला, नाशिकच्या बागायतदाराची झोप उडवणारा तो हाच. रोगट पानं तोडून जाळा किंवा कचऱ्यात द्या, वेलाखाली टाकू नका. आणि बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये बोर्डो भागात १८८५ च्या सुमाराला डाऊनीवरच याचा उपयोग लक्षात आला, म्हणून ते नाव, आणि अजूनही घरच्या माणसाला परवडणारा हाच उपाय आहे.

घरी करायचं तर १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १० लिटर पाणी. प्लास्टिकच्या दोन बादल्या घ्या, लोखंडाची नको. एकीत पाच लिटरमध्ये मोरचूद रात्रभर विरघळू द्या, दुसरीत चुना भिजवून गाळून घ्या, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत काठीने ढवळत राहा. आकाशी रंग येतो. आता घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा चाकू त्यात मिनिटभर बुडवा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर आला असेल तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुन्याचं पाणी अजून घाला आणि परत बघा. खिळा जसाच्या तसा पांढरा निघाला की तयार. ही खिळ्याची परीक्षा टाळू नका, तांबूस थर येत असताना फवारलं तर पानं जळतात आणि मग आपण ते जळणं नवीन रोग समजून आणखी काहीतरी मारतो. केलं त्याच दिवशी वापरा. आणि एवढं कडक मिश्रण छाटणीनंतर उघड्या काड्यांना आणि खोडाला मारायचं, कोवळ्या फुटीवर नाही, कोवळ्या पानांवर मारायचंच झालं तर याच्या निम्म्या ताकदीचं.

आता रोग नसून भूक असेल तर तीही पानावरच लिहिलेली असते. खालची जुनी पानं सगळीकडून फिकट म्हणजे नत्र कमी. जुन्याच पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा म्हणजे मॅग्नेशियम. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह, आणि हे आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत फार, कारण लोह मातीत असतं पण मुळाला घेता येत नाही. फेरस सल्फेट लिटरला २ ग्रॅम, त्यात थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांत नवीन पान हिरवं यायला पाहिजे. पण मुळात पाणी साचून लोह बंद झालेलं असतं हेही खूपदा होतं, म्हणून पाण्याचा मुद्दा मी आधी घेतला.

नवीन फुटीला खत द्यायचं तर चांगलं कुजलेलं शेणखत, दोन-तीन घमेली, आळ्यात पसरून वर पाचट. रासायनिक खत पहिले दोन महिने नकोच. आजारी मुळावर युरिया म्हणजे तापात आडव्या माणसाला पुरणपोळी.

सहावं, पहाटे बॅटरी घेऊन जा

छाटल्यावर डोळे फुगले आणि टोकरले गेले असं झालं असेल तरच हे. तो उडद्या. तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा, पितळी चमक, पाठीवर काळसर ठिपके. फुगलेला डोळा कुरतडतो, एक डोळा गेला म्हणजे एक काडी गेली. दिवसा सुट्या सालीखाली लपतो आणि जरा धक्का लागला की हात-पाय आखडून खाली पडतो, म्हणून सापडत नाही. हीच त्याची खोड आपल्या कामी येते. वेलाखाली छत्री उलटी उघडून धरा आणि ओलांड्यावर, म्हणजे खोडातून आडव्या गेलेल्या जाड फांदीवर, हाताने जोरात थाप मारा, छत्रीत टपटप पडतात, साबणाच्या पाण्यात टाका. छाटणीनंतर डोळे फुटेपर्यंत रोज पहाटे पाच मिनिटं. औषध लागत नाही. लहानपणी आम्हा भावंडांचं हे काम असायचं. सुटी साल हाताने काढून टाकली की लपायला जागाच राहत नाही.

सालीखाली कापसासारखं पांढरं आणि मुंग्यांची रांग असेल तर तो पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्याने घासा, आणि मुंग्यांचा बंदोबस्त आधी, कारण त्याच त्याला इकडून तिकडे नेतात.

सातवं, कात्री

वरचं सगळं बघून झालं, माती वाफशावर आली, मगच कात्री. एप्रिलचा पहिला पंधरवडा बेस्ट. पावसाळ्यात वेल सापडला असेल तर फक्त वाळलेलं काढा आणि ऑक्टोबरपर्यंत थांबा, ओल्या हवेत मोठ्या जखमा केल्या तर रोग आत शिरतो. जानेवारीत सापडला तर एप्रिलपर्यंत दम धरा.

एक खोड, त्यावरून दोन बाजूंना दोन ओलांडे, एवढंच ठेवायचं. ओलांड्यावरच्या प्रत्येक काडीला एकच डोळा राखून बाकी कापायची. हो, सगळी. चार वर्षांची माजलेली वाढ खाली पडते, घरातले लोक कळवळतात, मला माहितीये, पण वेलाचा स्वभाव असा की तो शेंड्याकडचेच डोळे फोडतो, मागचे झोपून राहतात, म्हणून दरवर्षी वेल लांब पळतो आणि खाली उघडा पडतो. शेंडा काढल्याशिवाय मागचा डोळा उठत नाही. कात्री धारदार पाहिजे, आधी स्पिरिटने पुसून घ्या, डोळ्याच्या वर इंचभर सोडून कापा. ओलांडा वाळलाय तर खोडातून निघालेली एक जोमदार फूट सरळ काठीला बांधून वर न्या आणि तीच पुढचा ओलांडा.

कापल्यावर टोकातून पाणी टपकायला लागेल, कधी कधी दिवसभर. वेल रडतोय म्हणून घाबरून फोन करतात. ती चांगली खूण आहे, मुळं पाणी वर ढकलतायत. मेण, माती, काही फासू नका, आपोआप थांबतं.

पंधरा दिवसांत डोळे हलायला लागतात. वीतभर फुटी झाल्या की दाटीतल्या, आतल्या बाजूला वळलेल्या काढा, आणि राहिलेल्यांना बारा-तेरा पानं झाली की शेंडा मारा म्हणजे काडी जाड होते, डोळा भरतो. ऑक्टोबरला पेन्सिलीएवढ्या जाड काड्या सहा ते आठ डोळ्यांवर कापा. सुतळीसारख्या बारीक काड्यांवर घड येणार नाही, त्या एका डोळ्यावरच मागे घ्या. दुर्लक्षित वेलाला पहिल्या वर्षी घड ठेवूच नका, आले तरी एक-दोन चवीपुरते, बाकी काढून टाका, नाहीतर परत खंगतो.

आठवं, माती-पाणी परीक्षण आणि मुळं

एवढं करूनही दीड-दोन महिन्यांत हालचाल नाही तरच पैसे खर्च करा. माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासा, नाशिकमध्ये, पिंपळगावला द्राक्षपट्ट्यामुळे अशा लॅब भरपूर आहेत. नुसती माती तपासू नका, खारं पाणी असेल तर माती कितीही सुधारली तरी परत तेच.

मूळ बघायचं तर एकाच बाजूने, दीड फूट लांब, खुरप्याने, फावड्याने नाही. पांढरी टोकं दिसली की झाकून टाका, काम झालं. काळी, हाताला साल सुटणारी, कुजट वासाची असतील तर सडलंय. कुंडीतला वेल असेल तर सडलेली मुळं कापून नवीन मातीत बसवता येतो. जमिनीतला असेल तर पुढे वाचा.

इथे मात्र स्वतः काही करू नका

मुख्य खोडाला भोक आणि भुसा, म्हणजे खोडकिडा आत पोचलाय. बारीक तार घालून अळी निघते कधी कधी, एकदा प्रयत्न करा, पण भोकं दोन-तीन असतील किंवा खोड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर जाणकाराला दाखवा. घरगुती औषधं भोकात ओतत बसू नका, पेट्रोल तर नाहीच.

डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागेत हायड्रोजन सायनामाइड नावाच्या रसायनाचं पेस्टिंग करतात, म्हणजे ते डोळ्यांना लावतात. कुणी बाटलीत थोडं आणून देतो म्हणालं तरी घरात घेऊ नका. कातडी आणि डोळ्यांना घातक आहे आणि ते हाताळल्यावर दारू प्यायली तर जिवावर बेततं. घरच्या दोन काड्यांसाठी त्याची काही गरज नाही. तसंच डब्यावर लाल त्रिकोण असलेलं कुठलंही कीटकनाशक अंगणात नको, मुलं खालीच खेळत असतात.

वेल विजेच्या तारेत गेलाय, शेड गंजून हलतेय, मधमाश्यांचं पोळं आहे, तर कात्री खाली ठेवा आणि त्या त्या कामाचा माणूस बोलवा.

जमिनीतली मुळं सडलेली आणि सगळीकडे तसंच, किंवा पानं दरवर्षी विचित्र आखडतायत आणि कारणच सापडत नाही, तर पानं-मुळांचा नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांच्या सल्ल्याचाही उपयोग होतो. आणि छाटणीची हिंमत होत नसेल तर लॉन कापणाऱ्या माळ्याला देऊ नका, त्याला डोळे मोजता येतीलच असं नाही. ऑक्टोबरमध्ये पेठ, सुरगाण्याकडून छाटणीच्या टोळ्या बागांवर येतात, त्यांचा हात बघत राहावा असा असतो. मखमलाबाद, आडगाव बाजूला कुणी ओळखीचा बागायतदार असेल तर त्याच्याकडचं काम संपल्यावर त्यातल्या एखाद्या दादाला अर्धा दिवस बोलवा आणि पूर्ण मजुरी द्या.

वरचं कलम पूर्ण गेलंय आणि फक्त खुंट जिवंत आहे असं ज्यांचं झालं त्यांनी तो उपटू नका. मुळं तयार आहेत, हेच तर मोठं काम असतं. एक सरळ फुटवा ठेवून बाकी काढा, पावसाळा संपताना तो पेन्सिलीएवढा झाला की कलम बांधणाऱ्याकडून हव्या त्या जातीची काडी भरून घ्या, थॉमसन, शरद, जी आवडेल ती. हे काम मी स्वतः करत नाही, पिंपळगावच्या एका दादांकडून करून घेते, ते कात्रीच्या जोडीला फक्त ब्लेड आणि प्लास्टिकची पट्टी आणतात.

आणि मला किंवा कुणालाही विचारताना एकच लांबचा फोटो पाठवू नका. जोडाचा जवळून, पानाचा वरून आणि खालून, नखाने खरवडलेल्या काडीचा, आणि मुठीत दाबलेल्या मातीचा, असे पाच पाठवा. शेवटची छाटणी कुठल्या महिन्यात झाली होती तेही लिहा, आठवत नसेल तर आठवत नाही असं लिहा.